अर्धा पोपट

माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्यावर मल्लूआण्णा कित्तुरे स्टेजवर आले. त्यांनी जावयाचा हात हातात घेतला. आता काहीतरी आशीर्वाद देणार म्हणून फोटोवाला पुढे सरसावला. आण्णांनी जावयाच्या बोटातल्या अंगठीजवळ तोंड नेलं, 'हाऽ' करून तिच्यावर गरम वाफ सोडली आणि अंगठी नाकाशी धरून डोळे मिटले. फोटो तसाच निघाला आहे. अल्बममध्ये अजून आहे.

डोळे उघडून ते मला म्हणाले, "पेंटर, वरनं पाणी दिलंय. आत तांबं हाय."

अंगठी मीच घातली होती. व्याही माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी सराफाकडे गेलो आणि अंगठी काउंटरवर ठेवली. कोणी तपासली, एवढंच त्याने विचारलं. मी आण्णांचं नाव सांगितल्यावर त्याने लगेच दुसरी काढून दिली.

वाफ देणं ही आण्णांची पहिली पायरी. त्यांचं म्हणणं, वाफ दिली की वस्तू बोलती होते. नवा रंग, नवा मुलामा गरम हवेला लगेच वास सोडतो. जुना गप्प बसतो. मग दुसरी पायरी अंगठ्याच्या नखाची, तिसरी शिवणाच्या सुईची. शेवटी खिशातल्या बॅटरीचा उजेड तिरका पाडायचा. एवढं झाल्यावर निकाल. निकाल दोनच असायचे, 'कंपनीचं' किंवा 'हातचं'. निकाल सांगून झाला की म्हणायचे, "साकु." त्यांची आई संकेश्वरकडची, घरात निम्मं कानडी. साकु म्हणजे पुरे. साकु म्हटल्यावर हुज्जत घालणाऱ्याला ते पाठ दाखवून बसत.

आणि या सगळ्यामागे त्यांचा एक नियम होता. तो कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या पोराटोरांनासुद्धा पाठ होता: "कंपनी एकदाच करत्या. दोनदा हात फिरला की माणूस आला."

मी सदाशिव, जन्मभर पेंटर. ऑइल इंजिनांना रंग, दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, सगळं केलं. आण्णांचं लेथचं वर्कशॉप आणि माझा रंगाचा गाळा यांत एकच भिंत होती. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि आण्णा ऐंशीचे. गेली बारा वर्षं या गावात आण्णांना 'रीपेंट आण्णा' म्हणतात. खोटी वस्तू खरी म्हणून मांडणारा माणूस, असं त्यांच्याबद्दल लोकांच्या फोनवर फिरलं. ज्यांनी फिरवलं त्यांना पुढचं वाचून वाईट वाटलं तर वाटू दे. मला त्यांची भीती नाही. मला भीती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती मी शेवटी करून टाकली आहे.

आधी आण्णा कसे आहेत ते सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल.

माणसांनाही त्यांनी नियमातून सोडलं नाही. बँकेच्या मॅनेजरला भर काउंटरवर, "पावणं, मिशी रीपेंट हाय, मुळापाशी बघा," असं सांगून कर्जाचा अर्ज परत घेऊन आलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. दातांच्या डॉक्टरकडे गेले तर खुर्चीवर बसायच्या आधी खुर्चीखाली वाकून स्क्रू बघितले. संध्याकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला आम्ही जायचो. समोर म्हैस, समोर धार, ग्लासात फेस. आण्णा ग्लास उंच धरून म्हणायचे, "ह्या गावात एवढंच कंपनीचं ऱ्हायलंय." तरी एकदा त्यांनी म्हशीच्या शिंगावर नख ओढून पाहिलं होतं. शिंगाला तेल लावलं होतं, हे त्यांनी गवळ्याला ऐकवलं. गवळी म्हणाला, आण्णा, सण हाय, लावलंय की तेल. आण्णा म्हणाले, "सणाला हुंदे. मला म्हाईत पायजे एवढंच."

लग्न झालं नाही. मुरगूडला एक मुलगी बघायला गेलो होतो, मीही बरोबर होतो. मुलीचे वडील मोठ्या मानाने चांदीच्या तबकातून पोहे घेऊन आले. आण्णांनी पोह्यांची बशी उचलून माझ्या हातात दिली आणि तबकाला वाफ दिली. पुढचं सांगत नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. कागल आल्यावर आण्णा म्हणाले, "पोरगी चांगली हुती रं." तेवढंच. त्यानंतर कधी बघायला गेले नाहीत.

आगगाडीचे डबे त्यांच्याकडे आले ते अपघाताने. बेळगावचे एक डॉक्टर जुन्या विलायती खेळण्यातल्या गाड्या जमवायचे. पत्र्याच्या, वीतभर लांबीच्या, किल्लीवर चालणाऱ्या. एका मालडब्याचा एक्सल वाकला म्हणून कोणीतरी त्यांना आण्णांच्या लेथवर पाठवलं. आण्णांनी डबा उलटा केला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टर, चाक म्हातारं आणि एक्सल तरणा. ह्यांचं लगीन नंतर लागलंय."

डॉक्टरांनी तो डबा अस्सल म्हणून भारी पैसे मोजून घेतला होता. ते चिडले. आण्णांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. कारखान्यात चाक आणि एक्सल एकाच दिवशी जन्मतात, एकाच रुळावर झिजतात, तेव्हा झीज सारखी पाहिजे. डब्याची छप्परं पत्र्याच्या बारीक जिभा वाकवून बसवलेली असतात. कारखाना जीभ एकदाच वाकवतो. कोणी छप्पर उघडून पुन्हा बसवलं की तिथे दुसरी घडी दिसते, आणि घडीत रंगाला तडा जातो. खिडक्या कारखान्यात पंचाने पाडतात, एका ठोक्यात, म्हणून कड गुळगुळीत. हाताने कातरलेल्या खिडकीच्या कडेला नख ओढलं की दातऱ्या लागतात. डॉक्टर निघताना पाया पडायचे तेवढे बाकी होते. महिन्याभरात ते आणखी चार डबे घेऊन आले आणि त्यांच्यामागे कुठले कुठले लोक. कोणी दुपट्यात गुंडाळून डबा आणायचा, कोणी बुटाच्या खोक्यात. एका गृहस्थांनी तर लोणच्याच्या बरणीतून इंजिन आणलं. आण्णांनी आधी बरणी तपासली.

फी घेत नसत. चहा मात्र आणणाऱ्याने पाजायचा.

एका डब्याला मात्र आण्णा कोणालाही हात लावू देत नसत. तो त्यांचा स्वतःचा. लाल रंगाचा गार्डचा डबा, दोन्ही बाजूंना तीन-तीन खिडक्या, मागे छोटा कठडा. लेथच्या वरच्या फळीवर तो असायचा. त्यांचे वडील, ज्यांना ते आप्पा म्हणत, पत्र्याचं काम करायचे. नरसाळी, चिमण्या, धान्याचे डबे. शिवाय एका साहेबाच्या बंगल्यावर पंप दुरुस्त करायला जायचे. साहेब देश सोडून निघाला तेव्हा त्याने आपल्या मुलाच्या गाडीतला हा डबा आप्पांना दिला, आणि आप्पांनी तो आण्णांना. आण्णा तेव्हा सात वर्षांचे. ही गोष्ट ते वर्षातून दोन-तीनदा सांगत आणि शेवटी डब्याकडे बोट करून म्हणत, "कंपनीचा. हात लागल्याला न्हाय."

आता माझ्याकडे येतो.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका माणसाला जुनी मोटारसायकल विकायची होती. टाकीला पोचे पडले होते. मी ती ठोकून, रंगवून, वर कंपनीसारखी सोनेरी रेघ मारून दिली. रेघ अशी जमली की मीच दोन दिवस बघत बसलो होतो. घेणारा शहाणा, तो गाडी घेऊन सरळ आण्णांकडे आला. रस्त्यावर दहा माणसं उभी. आण्णांनी वाफसुद्धा दिली नाही. लांबून बघून म्हणाले, "टाकी सदाची हाय." दहा माणसं हसली. मी भिंतीपलीकडे ब्रश धुत होतो, सगळं ऐकलं.

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी लेथ बंद, फर्नेस बंद. सगळी यंत्रं धुवायची, पुसायची, जिथे रंग उडालाय तिथे रंग द्यायचा, मग हळदकुंकू, झेंडू. वर्षभर आपल्यासाठी राबलेलं लोखंड त्या एका दिवशी नटतं. नेमके आदल्या दिवशी आण्णांचे संकेश्वरचे मेव्हणे, बहिणीचे यजमान, वारले. आण्णा निघाले आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "पूजा करून घे. कुठलंबी यंत्र उपाशी ठेवू नगंस."

मी लेथ धुतला, ड्रिल धुतलं, ग्राइंडरला हार घातला. मग फळीवर तो डबा दिसला. भिंतीच्या ओलीने त्याच्या एका बाजूला गंज फुटून रंगाला फोड आले होते. चाकं आहेत, म्हणजे यंत्रच, उपाशी कसं ठेवायचं, असं मी स्वतःला सांगितलं. हे मी लोकांना सांगू शकलो असतो आणि लोकांनी ते मानलंही असतं. पण आज खरं लिहायचं ठरवलं आहे. आण्णांचा नियम मला इतर कोणापेक्षाही जास्त माहीत होता. त्या डब्याला हात लावायचा नाही, हे मला माहीत होतं. माझ्या मनात टाकी होती. म्हटलं, बघू, आता ओळखतात का.

पॉलिश पेपर घेऊन मी ती बाजू घासली. रंग निघाला आणि खाली पोपट दिसला.

हिरवा, छापील पोपट. अर्धाच. एक डोळा, चोच, गळ्याभोवतीचा लाल पट्टा, आणि पुढे खिडकी कापलेली, तिथे पोपट संपला होता. त्याच्याखाली चहाच्या कुठल्याशा कंपनीची तुटकी अक्षरं. मी लहानपणी असले चहाचे डबे पाहिले होते. साहेबाच्या देशातल्या कारखान्यात चहाचे जुने डबे कापून गाड्या करत नाहीत, हे कळायला आण्णा असण्याची गरज नव्हती. मी खिडकीच्या कडेला नख ओढलं. दातऱ्या लागल्या.

 मग जन्मात केलं नाही असं काम केलं. तांबड्या रंगात काळा, थोडा पिवळा, मूळच्या लालाशी तंतोतंत जुळेपर्यंत मिसळला. ब्रशची खूण नको म्हणून कापसाच्या बोळ्याने दिला. वाळल्यावर चहाच्या पाण्याने जुना केला, लेथखालची काजळी बोटाने कोपऱ्यात भरली. पोपट झाकला. कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं.

तेराव्यानंतर आण्णा आले. मी भिंतीपलीकडून कान देऊन होतो. स्टूल सरकल्याचा आवाज आला. 'हाऽ' ऐकू आलं. मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने डबा फळीवर ठेवल्याचा आवाज आला. साकु म्हणाले नाहीत. संध्याकाळी दूध प्यायला गेलो तेव्हा मेव्हण्यांविषयी बोलले.

मला वाटलं, फसले. खोटं का सांगू, मला आनंद झाला. अठरा वर्षं मी तो आनंद गुपचूप चघळला. त्यांनी कोणाच्या वस्तूला हातचं म्हटलं की मी मनात म्हणायचो, आधी आपली फळी बघा.

बारा वर्षांपूर्वी जुन्या गाड्या जमवणाऱ्यांनी कोल्हापुरात एका शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. आण्णांना मानाने बोलावलं, तुमचा डबा आणाच म्हणून. आण्णांनी मला पाटी लिहायला सांगितली. काय लिहू म्हटलं तर म्हणाले, "लिही. कंपनीचा. कुणाचाही हात लागलेला नाही." सांगताना ते माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घालून लिहिली. इतकी सुबक पाटी मी क्वचित लिहिली असेल.

हॉलमध्ये पुण्याचे एक जाणकार आले होते. सभ्य माणूस, आवाज मऊ. त्यांच्याकडे निळ्या उजेडाची बॅटरी होती, खोट्या नोटा ओळखायला वापरतात तसली. जुना रंग त्या उजेडात काळा पडतो, नंतरचा वेगळा चमकतो. टेबलामागून टेबल करत ते आमच्यापाशी आले. डब्याच्या एका बाजूवर उजेड टाकला, काळी. दुसऱ्या बाजूवर टाकला, आणि ती बाजू पाण्यातल्या माशासारखी चकाकली. सभोवार पन्नासेक माणसं.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "ही बाजू पुन्हा रंगवलेली आहे."

"वाईट कशाला वाटंल पावणं?" आण्णा म्हणाले. "रंगीवल्याय. म्याच रंगीवली."

कोणीतरी मागून विचारलं, मग पाटीवर असं कसं लिहिलंय? आण्णा त्याच्याकडे वळले. "पाटीवर लिवलंय ते बरोबर हाय. तुला वाचाय येतंय न्हवं? मग वाच आणि फुडं चल."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. तोंड उघडायला एक श्वास पुरला असता. मी पाटीकडे बघत राहिलो.

त्यांना डबा उचलून न्यायची विनंती झाली, आण्णांनी नेला नाही. पाटी काढायला सांगितली, काढली नाही. दिवसभर खुर्चीवर, छाती पुढे काढून, येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्याला डोळा देत बसले. संध्याकाळी डबा आणि पाटी काखेत मारून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या रस्त्याकडच्या खिडकीत, काचेमागे, दोन्ही मांडून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं म्हणून. बारा वर्षं ते तिथेच आहे.

डबे यायचे थांबले. डॉक्टरांनी फोन उचलणं बंद केलं. मोटारसायकली तपासायलाही कोणी येईना. शाळेत जाणारी पोरं काचेवर 'हाऽ' करून पळायची. आण्णा रोज सकाळी दहाला वर्कशॉप उघडायचे, बॅटरीतले सेल बदलायचे, सुई तेलाने पुसायचे आणि स्टुलावर बसायचे. समोरचं रिकामं स्टूलही पुसायचे. मी भिंतीपलीकडून ते बारा वर्षं ऐकलं. दुधाला आम्ही जातच होतो. आमच्यात त्या विषयावर एक शब्द झाला नाही.

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी आण्णांनी मला हाक मारली. गुडघ्यांमुळे आता त्यांना स्टुलावर चढून उभं राहवत नाही. हातात किल्ली आणि झेंडूची पिशवी देऊन म्हणाले, "पूजा तू कर. कुठलंबी यंत्र उपाशी ठेवू नगंस."

तेच शब्द. मुद्दाम म्हणाले की सवयीने, मला माहीत नाही. मी लेथला हार घातला आणि माझा हात तिथेच राहिला.

"आण्णा," मी म्हटलं, "ती बाजू मी रंगवली होती."

"ठाव हाय."

"कधीपासनं?"

"संकेश्वरासनं आलो त्या दिवशी. तू डावरा. तुजा हात उजवीकडनं सुरू हुतोय. बोळ्यानं दिलास तरी उजवीकडनंच दिलास." ते स्टुलावर नीट बसले. "रंग मातर झकास जुळीवल्यालास. टाकीपेक्षा बरा."

मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? आण्णा म्हणाले, तू कधी सांगतोस ते बघत होतो. म्हणून तर पाटी तुझ्याकडून लिहून घेतली. मी म्हटलं, प्रदर्शनात तरी माझं नाव घ्यायचं. त्यावर ते थोडे चिडले.

"तुजं नाव घेतलं असतं तर पावण्यानं तुला इचारलं असतं, घासलास तवा खाली काय हुतं. आणि तुला खोटं बोलाय येत न्हाय, सदा. तुला नुसतं गप बसाय येतंय."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. ते माझ्यावर आहे आणि खरं आहे.

 बाहेर कोणाच्या तरी वर्कशॉपमध्ये नारळ फुटला. आण्णांनी खिडकीतला डबा मागितला, मी आणून दिला. त्यांनी तो मांडीवर घेतला, माझी बाजू वर करून. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"काय हुतं रं खाली?"

तेव्हा मला कळलं. खिडकीच्या दातऱ्या त्यांच्या नखाला कधीच लागल्या होत्या. पहिला खरा विलायती डबा हातात आला त्या दिवशीच त्यांनी आपल्या डब्याचा निकाल मनात लावला असणार. पण रंगाखाली काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लोकांच्या डब्यांची छप्परं सुईने उचकटणाऱ्या माणसाने आपल्या डब्याचा एक टवकाही उडवला नव्हता. ते पाहिलेला माणूस जगात एकच, मी. आणि मला विचारायचं तर आप्पा खोटं बोलले हे मान्य करावं लागणार होतं.

"पोपट," मी म्हटलं. "चहाच्या डब्यावरचा. हिरवा. अर्धाच."

आण्णांनी डोळे मिटले. वस्तू नाकाशी धरल्यावर मिटतात तसे.

"चोच कुणीकडं?"

"कठड्याकडं."

"गळ्याला लाल पट्टा हुता?"

"होता."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरी पोपटाचा चहाचा डबा होता. आई त्यात गूळ ठेवायची. एक दिवस गूळ कागदाच्या पुडीत आला, पुडीला मुंग्या लागल्या आणि आई आप्पांना दोन दिवस बोलत होती, एवढा चांगला डबा कुठं घातला म्हणून.  तिसऱ्या दिवशी साहेबाने दिलेली गाडी घरी आली. चाकं मात्र खरी विलायती आहेत, आण्णा म्हणाले, साहेबाच्या पोराने मोडून टाकलेल्या गाडीची असणार. तेवढं आप्पांनी खरं सांगितलं होतं. "छापील बाजू आत घेतली असती तर खिडकीतनं पोपट दिसला असता. म्हणून भायेर घेतली आणि रंगानं झाकली. डोकं हुतं म्हाताऱ्याला."

"रंग काढू का?" मी विचारलं. "हलक्या हाताने काढतो. दिसेल तुम्हाला."

"नगं. हात लावायचा न्हाय." डबा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. "तू बघितलास न्हवं? बास. आणिक काय हुतं, सांग."

मी आठवलं. तीस वर्षं झाली, पण ती बाजू माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. मी म्हटलं, मधल्या खिडकीची आखणी होती, टोच्याने पत्र्यावर ओढलेली. एक रेघ चुकली होती, पोपटाच्या डोळ्यातून जात होती. मग बोटभर सरकवून दुसरी ओढली होती आणि दुसरीवर कापलं होतं. डोळा वाचला होता.

"दोन रेघा?"

"दोन."

आण्णा हसले. दात नसलेलं तोंड उघडून, आवाज न करता, बराच वेळ हसत राहिले आणि मनगटाने डोळे पुसले. मी लेथच्या हाराकडे तोंड करून उभा राहिलो. वळलो तेव्हा ते नवी पाटी मागत होते.

मी माझ्या गाळ्यातून पांढरा पत्रा आणि ब्रश आणला. त्यांनी सांगितलं ते लिहायला बसलो: 'आप्पांनी केला. कंपनीचा नव्हे.' मी म्हटलं, 'वडिलांनी' लिहू का, शुद्ध दिसेल. ते म्हणाले, गप आप्पा लिही. मोठं लिही, रस्त्यापलीकडनं वाचाय यायला पायजे. कोणाला काय म्हणायचं असेल त्याने आत येऊन म्हणावं, स्टूल पुसलेलंच आहे. आणि मी हे सगळं कागदावर लिहिणार आहे असं सांगितलं तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं, मोठं लिही.

माझा हात आता थरथरतो. पहिल्याच अक्षराचा काना वाकडा गेला. मी त्यावरून पुन्हा ब्रश ओढला, तर एका कान्याशेजारी दुसरा उभा राहिला. रॉकेलचा बोळा घेऊन पुसायला गेलो, तेवढ्यात आण्णांनी माझं मनगट धरलं.

पाटी उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. तोंडाजवळ नेऊन 'हाऽ' केलं, वास घेतला. मग त्या दोन कान्यांवरून, ओल्या रंगाला न लावता, हवेतच अंगठ्याचं नख फिरवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "साकु."